लिंक शेफिल्डची, खटला न्यूयॉर्कचा

३० जून २०१० रोजी अमेरिकेच्या इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट खात्याने, म्हणजे 'आइस'ने, एका नव्या मोहिमेची घोषणा केली. घोषणा वॉशिंग्टनमधल्या सरकारी कचेरीत झाली नाही. ती झाली कॅलिफोर्नियातल्या बरबँकमध्ये, वॉल्ट डिस्ने स्टुडिओच्या आवारात. मोहिमेचे नाव होते 'ऑपरेशन इन अवर साइट्स'. चित्रपट आणि मालिका फुकटात दाखवणाऱ्या किंवा तिथवर नेऊन सोडणाऱ्या संकेतस्थळांची नऊ डोमेन नावे त्या दिवशी जप्त झाली. त्यातले एक होते टीव्हीशॅक डॉट नेट. ते चालवणारा रिचर्ड ओड्वायर हा २२ वर्षांचा मुलगा तेव्हा इंग्लंडमध्ये, शेफिल्ड हॅलम विद्यापीठात शिकत होता.

टीव्हीशॅक त्याने डिसेंबर २००७ मध्ये सुरू केले. त्यावर एकही चित्रपट साठवलेला नव्हता. इंटरनेटवर इतरत्र, इतरांनी चढवलेल्या चित्रपटांच्या आणि मालिकांच्या लिंक तिथे नीट लावून ठेवलेल्या असत. बघणारा नावावर क्लिक करी आणि दुसऱ्याच संकेतस्थळावर पोहोचे. पानांवर जाहिराती होत्या आणि त्यातून पैसा येत होता. अमेरिकी सरकारी वकिलांच्या हिशेबाने ती कमाई २ लाख ३० हजार डॉलरच्या वर होती. रिचर्ड अगदी निरागस होता असे म्हणायचे कारण नाही. आपण कशाच्या लिंक देतो आहोत हे त्याला कळत होते. पण त्याचे घर इंग्लंडमध्ये, संगणक इंग्लंडमध्ये, सर्व्हर अमेरिकेबाहेर. मग अमेरिकेचा हात तिथवर पोहोचला कसा?

तो पोहोचला नावामार्फत. डॉट कॉम आणि डॉट नेटने संपणाऱ्या सगळ्या नावांची मूळ नोंदवही व्हेरिसाइन या कंपनीकडे असते आणि ही कंपनी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातली. अमेरिकी न्यायाधीशाचा जप्तीहुकूम घेऊन व्हेरिसाइनकडे गेले की जगातल्या कुठल्याही माणसाचे डॉट कॉम नाव त्याच्या हातून काढून घेता येते. सर्व्हरला हात लावावा लागत नाही. 'आइस'चे अधिकारी एरिक बार्नेट यांनी २०११ च्या जुलैत 'गार्डियन'ला उघडच सांगितले की सर्व्हर कुठेही असो, नाव डॉट कॉम किंवा डॉट नेट असले की आम्ही कारवाई करू शकतो. म्हणजे पृथ्वीवरची निम्मी दुकाने अमेरिकेच्या पाटीखाली आहेत, आणि पाटी आमची म्हणून दुकानदारही आमच्या कायद्याखाली, असा हा दावा होता.

नाव गेल्यावर रिचर्डने लगेच टीव्हीशॅक डॉट सीसी असे नवे नाव घेतले. नव्या पानावर एका रॅप गटाचा फोटो आणि पोलिसांना घातलेली शिवी झळकली. विशीतल्या मुलाचा हा माज पुढे न्यायालयाच्या कागदपत्रांत आला आणि त्याला जड गेला. २९ नोव्हेंबर २०१० रोजी सिटी ऑफ लंडन पोलीस आणि 'आइस'चे लोक शेफिल्डमधल्या त्याच्या खोलीवर येऊन धडकले. त्यानंतर त्याने संकेतस्थळ बंदच करून टाकले. तपास ब्रिटिश पोलिसांचा होता, म्हणून जे काही होईल ते इथेच होईल असे त्याला आणि त्याच्या घरच्यांना वाटत होते. मे २०११ मध्ये ठरल्याप्रमाणे तो पोलीस ठाण्यात हजर झाला तेव्हा ब्रिटनमधली चौकशी बंद झाल्याचे त्याला सांगण्यात आले. आणि तिथल्या तिथेच, अमेरिकेच्या प्रत्यर्पणाच्या मागणीवरून, त्याला अटक झाली. न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्यात त्याच्यावर दोन आरोप ठेवले होते: कॉपीराइट भंगाचा कट आणि प्रत्यक्ष भंग. प्रत्येकी कमाल पाच वर्षे.

या प्रकरणातली माझ्या मते सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे. ज्या देशात कृत्य घडले त्या देशाने आरोपपत्र दाखल केले नाही. तो देश 'हा गुन्हा आहे' असेही म्हणाला नाही आणि 'नाही' असेही म्हणाला नाही. त्याने माणूस तेवढा पुढे सरकवला.

प्रत्यर्पणाच्या कायद्यात एक जुनी अट असते. मागणाऱ्या देशात जे कृत्य गुन्हा आहे, ते देणाऱ्या देशातही गुन्हा असले पाहिजे. दुहेरी गुन्ह्याचे हे तत्त्व केवळ तांत्रिक नाही. आपल्या भूमीवर आपल्या कायद्याने जे चालते ते करणाऱ्याला परक्या राजाच्या हवाली करू नये, एवढी साधी माणुसकी त्याच्या मुळाशी आहे. पूर्वीच्या करारांना गुन्ह्यांची यादीच जोडलेली असे: खून, दरोडा, खोटी नाणी पाडणे अशी. कृत्य यादीत बसले तरच माणूस द्यायचा. पुढे यादी मागे पडली आणि तिच्या जागी उंबरठा आला. कृत्य दोन्ही देशांत किमान बारा महिन्यांच्या कैदेला पात्र असले की पुरे. यादीत कॉपीराइट कधी शिरला नसता. उंबरठा मात्र त्याने सहज ओलांडला.

त्यातच २००३ साल आले. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळल्यानंतरच्या वातावरणात, ३१ मार्च २००३ रोजी ब्रिटनचे गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट आणि अमेरिकेचे अॅटर्नी जनरल जॉन अॅशक्रॉफ्ट यांनी नव्या करारावर सह्या केल्या. ब्रिटनने एक्स्ट्रडिशन अॅक्ट २००३ करून १ जानेवारी २००४ पासून त्याची अंमलबजावणीही सुरू केली. अमेरिकेच्या सिनेटने मान्यता दिली ती २००६ मध्ये. नव्या व्यवस्थेत अमेरिकेने माणूस मागितला की ब्रिटिश न्यायालयापुढे प्रथमदर्शनी पुरावा मांडायची गरज उरली नाही.

ही सवलत सर्वांना नव्हती. मराठी वाचकांना विजय मल्ल्या प्रकरण आठवत असेल. रिचर्डचा निकाल ज्या वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट न्यायालयात लागला, तिथेच भारताला मल्ल्यांविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा कागदोपत्री मांडावा लागला. २०१८ मध्ये न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांनी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या १२ क्रमांकाच्या बराकीचा व्हिडिओही मागवला. खिडकीतून उजेड येतो का, हे लंडनच्या न्यायालयाला पाहायचे होते. भारताने तो दिला. त्यात मला काही गैर वाटत नाही. माणूस सोपवण्याआधी इतकी खात्री करायलाच हवी. पण हजारो कोटींच्या कर्जप्रकरणात ज्या कसोट्या लागतात, त्यांतली पुराव्याची पहिलीच कसोटी शेफिल्डच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आली नाही.

या कायद्याची धग पहिल्यांदा जाणवली ती २००६ च्या जुलैत. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या घोटाळ्याच्या प्रकरणात तीन ब्रिटिश बँकर टेक्सासला पाठवले गेले. नोकरी ब्रिटिश बँकेत, राहणे ब्रिटनमध्ये, आणि खटला ह्यूस्टनमध्ये. संसदेत गदारोळ झाला. त्याच वर्षीच्या पोलीस अँड जस्टिस अॅक्टमध्ये एक कलम घालण्यात आले: कृत्याचा मोठा भाग ब्रिटनमध्ये घडला असेल तर न्यायाधीशाला प्रत्यर्पण अडवता यावे. पण ते लागू व्हायला दोन्ही सभागृहांच्या स्वतंत्र ठरावाची गरज होती आणि तो ठराव कधी आलाच नाही. रिचर्डचे प्रकरण न्यायालयापुढे आले तेव्हा ते कलम कायद्याच्या पुस्तकात छापलेले होते. न्यायाधीशाच्या हातात मात्र ते नव्हते.

रिचर्डच्या आधी ऑस्ट्रेलियात ह्यू ग्रिफिथ्स या माणसाने ही वाट तुडवली होती. जन्माने ब्रिटिश, सात वर्षांचा असताना ऑस्ट्रेलियात आलेला, सिडनीच्या उत्तरेच्या किनारपट्टीवर वडिलांच्या घरी राहणारा. 'ड्रिंक ऑर डाय' नावाच्या टोळीचा तो म्होरक्या होता. सॉफ्टवेअरची कुलपे तोडून ते बाजारात यायच्या आधीच इंटरनेटवर सोडायचे, यात या टोळीला भूषण वाटे. ग्रिफिथ्सने त्यातून पैसा कमावला नाही. त्याला हवा होता दबदबा. डिसेंबर २००१ मध्ये अनेक देशांत एकाच वेळी छापे पडले आणि २००३ मध्ये व्हर्जिनियाच्या न्यायालयात त्याच्यावर आरोपपत्र दाखल झाले. अमेरिकेत त्याने तोवर पाऊल ठेवलेले नव्हते. सिडनीच्या मॅजिस्ट्रेटने २००४ मध्ये त्याला पाठवायला नकार दिला. फेडरल कोर्टाने तो नकार फिरवला, आणि अपीले हरत हरत ग्रिफिथ्स तुरुंगातच राहिला. फेब्रुवारी २००७ मध्ये त्याला विमानात बसवले. त्याने गुन्हा कबूल केला आणि जूनमध्ये ५१ महिन्यांची शिक्षा झाली. त्यातला बराचसा काळ ऑस्ट्रेलियाच्या तुरुंगात आधीच काढलेला म्हणून वजा झाला. न्यू साउथ वेल्सचे न्यायाधीश पीटर यंग यांनी 'ऑस्ट्रेलियन लॉ जर्नल'मध्ये यावर कडक टीका केली.

ग्रिफिथ्सचे कृत्य ऑस्ट्रेलियातही गुन्हाच होते. तिथे वाद होता तो जागेचा. रिचर्डच्या बाबतीत मूळ प्रश्नच उघडा होता: लिंक देणे हा इंग्लंडमध्ये गुन्हा आहे का?

या प्रश्नावर इंग्लंडमधल्या एका न्यायालयाचे उत्तर तेव्हा ताजे होते. टीव्ही-लिंक्स नावाचे असेच एक संकेतस्थळ २००७ च्या ऑक्टोबरमध्ये छापा घालून बंद करण्यात आले होते. तो खटला ग्लॉस्टरच्या क्राउन कोर्टात चालला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये कोसळला. न्यायाधीश टाइसहर्स्ट यांच्या मते लिंक देणे म्हणजे कलाकृती 'लोकांपर्यंत पोहोचवणे' नव्हे, आणि चालकांना ई-कॉमर्स नियमांतल्या निव्वळ वाहकाच्या तरतुदीचे संरक्षण होते. टीव्हीशॅकचे नाव जप्त होण्याच्या चार-पाच महिने आधीचा हा निकाल. क्राउन कोर्टाचा निकाल इतर न्यायालयांवर बंधनकारक नसतो हे खरे. पण लिंकांचे संकेतस्थळ चालवणाऱ्या सामान्य माणसाला आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो हे जाणून घ्यायचे असते, तर त्याच्यापुढे हाच दाखला होता.

१३ जानेवारी २०१२ रोजी जिल्हा न्यायाधीश क्वेंटिन पर्डी यांनी निकाल दिला. बचावाचे वकील बेन कूपर यांनी टीव्ही-लिंक्सचा दाखला दिला होता. पर्डी यांनी फरक केला. टीव्हीशॅकवर कोणत्या लिंक ठेवायच्या हे रिचर्ड ठरवत होता, म्हणून तो निव्वळ वाहक नाही. त्याचे कृत्य १९८८ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्याच्या कलम १०७ (२अ) मध्ये बसू शकते. त्या कलमाची कमाल शिक्षा दोन वर्षे, म्हणजे बारा महिन्यांचा उंबरठा पार. प्रत्यर्पणास हरकत नाही.

'बसू शकते' या दोन शब्दांवर सगळे उभे होते. अशा प्रत्यर्पणाच्या सुनावणीत गुन्हा सिद्ध करणारे साक्षीदार तपासले जात नाहीत, ज्युरी नसते, आरोप खरे मानून चालायचे असते. एखाद्या देशाचा कायदा नव्या तंत्राला लागू होतो की नाही, हे एरवी पूर्ण खटल्यात, मग अपिलात, मग आणखी वरच्या न्यायालयात घासून ठरते. इथे तो प्रश्न माणूस पाठवण्याच्या घाईत, अर्ध्या उजेडात सोडवला गेला. युरोपच्या न्यायालयाला याच प्रश्नाशी झुंजायला पुढे किती वर्षे लागली पाहा. फेब्रुवारी २०१४ मध्ये स्वेन्सन खटल्यात त्याने म्हटले की खुल्या मजकुराची लिंक देणे हा भंग नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जीएस मीडिया खटल्यात त्यानेच भर घातली: नफ्यासाठी, बेकायदा चढवलेल्या मजकुराची लिंक दिली तर चालकाला ते ठाऊक होते असे गृहीत धरता येते. या दुसऱ्या निकालापुढे कदाचित टीव्हीशॅक टिकले नसते, हेही मान्य केले पाहिजे. पण तो निकाल २०१६ चा. २०१२ मध्ये एका जिल्हा न्यायाधीशाने दिलेले उत्तर रिचर्डला दहा वर्षांच्या शिक्षेच्या दारात नेऊन उभे करत होते.

स्पेनमध्ये तर प्रकार आणखी ढळढळीत होता. फुटबॉल सामन्यांच्या लिंक देणारे रोखादिरेक्ता हे संकेतस्थळ माद्रिदच्या न्यायालयांनी कायदेशीर ठरवले होते. तरीही २०११ च्या सुरुवातीला अमेरिकेने त्याची डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग नावे जप्त केली. दीड वर्षाने, ऑगस्ट २०१२ मध्ये, ती परत दिली.

१३ मार्च २०१२ रोजी गृहमंत्री थेरेसा मे यांनी रिचर्डच्या प्रत्यर्पणाला मंजुरी दिली. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन तेव्हा बराक ओबामांच्या भेटीसाठी अमेरिकेत निघाले होते. त्याआधी ऑक्टोबर २०११ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती स्कॉट बेकर यांच्या समितीने करार असमतोल नाही असा अहवाल दिला होता, त्यामुळे सरकारला आधार होता. घरात मात्र रिचर्डची आई ज्युलिया स्वस्थ बसल्या नव्हत्या. त्या व्यवसायाने परिचारिका, डर्बीशरमध्ये राहणाऱ्या. कायद्याचा ओ की ठो ठाऊक नसताना त्यांनी करार वाचला, खासदारांना गाठले, पत्रकारांना गाठले. दुसऱ्या एका मुलाच्या आईशी त्यांची गाठ पडली. गॅरी मॅकिनन हा लंडनचा माणूस उडत्या तबकड्यांचे पुरावे शोधण्यासाठी अमेरिकी लष्कराच्या संगणकांत शिरला होता आणि त्याची आई जॅनिस शार्प जवळजवळ दहा वर्षे हीच लढाई लढत होती. सरकारी फायलींत 'मागणी' आणि 'मान्यता' असे शब्द असतात. त्यांच्यामागे काय असते, हे या दोन बायकांनी देशाला दाखवले.

जून २०१२ मध्ये विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स पुढे आले. प्रत्यर्पण थांबवा म्हणून त्यांनी काढलेल्या अर्जावर अडीच लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत कॉपीराइटच्या नव्या अमेरिकी विधेयकांना विरोध म्हणून इंग्रजी विकिपीडिया एक दिवस बंद ठेवण्यात आला होता आणि ती विधेयके बारगळली होती. इंटरनेट वापरणाऱ्यांना आपले बळ नुकते कळले होते.

१६ ऑक्टोबर २०१२ रोजी थेरेसा मे यांनी मॅकिननचे प्रत्यर्पण मानवी हक्कांच्या कारणावरून रोखले. त्याच वेळी त्यांनी जागेचा विचार करणारे कलम आणण्याचे जाहीर केले. रिचर्डचे अपील अजून उच्च न्यायालयात होते. २८ नोव्हेंबरला तिथे तडजोडीची बातमी आली. रिचर्ड आपणहून न्यूयॉर्कला जाईल, २० हजार पौंड भरपाई देईल, पुन्हा असे काही करणार नाही, आणि खटला स्थगित राहील. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो गेला, सही केली आणि परत आला. दहा वर्षांच्या कैदेची भाषा करणाऱ्या प्रकरणाचा शेवट २० हजार पौंडांवर झाला. एवढ्यावरच मिटणार होते, तर ते इंग्लंडच्या एखाद्या दिवाणी न्यायालयात का मिटले नाही?

टीव्हीशॅक इंग्लंडच्या कायद्याने गुन्हा होते की नव्हते, हे त्यामुळे कधीच ठरले नाही.

असाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडमध्ये, जास्त तपशिलाने लढला गेला. मेगाअपलोड या फाइल साठवण्याच्या संकेतस्थळाच्या किम डॉटकॉमला २० जानेवारी २०१२ रोजी ऑकलंडजवळच्या त्याच्या हवेलीवर हेलिकॉप्टर उतरवून पकडले. डॉटकॉम श्रीमंत होता आणि मेगाअपलोडचे कित्येक सर्व्हर व्हर्जिनियात होते, म्हणून त्याची कहाणी रिचर्डसारखी नाही. पण कायद्याची गाठ तीच होती. न्यूझीलंडच्या कॉपीराइट कायद्याचे कलम १३१ बेकायदा प्रत असलेल्या वस्तूविषयी बोलते. इंटरनेटवरची फाइल ही तशी वस्तू आहे का? २०१७ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मरे गिल्बर्ट म्हणाले की इंटरनेटवरून कलाकृती पोहोचवणे हा इथे फौजदारी गुन्हाच नाही. पण त्याच निकालात त्यांनी पुढे म्हटले की हेच कृत्य फसवणुकीच्या सदरात बसते, तेव्हा प्रत्यर्पण होऊ शकते. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने कॉपीराइटविषयीचे त्यांचे मत खोडले. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बहुमताने, कलम १३१ लागू होते असे ठरवले. एकाच कलमाचे दोन उलटे अर्थ विद्वान न्यायाधीशांनी लावले, आणि अंतिम अर्थ लागेपर्यंत माणूस पकडून जवळजवळ नऊ वर्षे झाली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायमंत्री पॉल गोल्डस्मिथ यांनी प्रत्यर्पणाच्या हुकमावर सही केली. डॉटकॉमच्या दोन सहकाऱ्यांनी मात्र तडजोड केली. २०२३ मध्ये त्यांना न्यूझीलंडच्याच न्यायालयात अडीच वर्षांच्या आसपास शिक्षा झाली. मेगाअपलोडचा न्याय स्थानिक न्यायालयात होऊ शकत होता, हे त्यातून उघड झाले.

ब्रिटनमध्ये जागेचे कलम क्राइम अँड कोर्ट्स अॅक्ट २०१३ मधून आले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून लागू झाले. कृत्य कुठे घडले, पुरावा कुठे आहे, आरोपीची मुळे कुठे आहेत, हे आता न्यायाधीशाला तोलता येते. ५ फेब्रुवारी २०१८ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने अमेरिकी सरकारी संगणकांत शिरल्याचा आरोप असलेल्या लॉरी लव्हला पाठवायला नकार दिला. त्यात त्याच्या प्रकृतीबरोबर या कलमाचाही आधार घेतला. दुसरीकडे २०१७ मध्ये ब्रिटनने ऑनलाइन कॉपीराइट गुन्ह्याची कमाल शिक्षा दोनवरून दहा वर्षांवर नेली. म्हणजे कृत्य गुन्हा ठरले तर पुढच्या रिचर्डला घरचीच शिक्षा आता जबर आहे. आणि अमेरिकेने माणूस मागितला तर प्रथमदर्शनी पुरावा मांडायचा नाही, ही २००३ ची सूट तेवढी तशीच आहे.